स्पीडब्रेकरवर हललेला हात

प्रोजेक्टरच्या खोलीच्या भिंतीला दोन भोकं असतात. एकातून सिनेमा बाहेर जातो, दुसऱ्यातून आम्ही बघतो. लोकांना वाटतं, ऑपरेटर फुकटात सिनेमे बघत बसतो. दोन खेळांनंतर सिनेमात बघण्यासारखं काही उरत नाही. मग बघायची ती डोकी. वरून, मागून, अंधारात. कुठल्या वाक्याला ती मागे रेलतात, कुठे पुढे झुकतात, कुठे शेजारच्याकडे वळतात. माणूस हसतो तेव्हा त्याचे खांदे आधी हलतात आणि आवाज नंतर येतो, हे मी या भोकातूनच शिकले.

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुम्ही थिएटरात आहात, तर हे खुनाबिनाचे विनोदी सिनेमे लोकांना इतके का आवडतात त्यावर लिहा. दिवाळी अंक आहे, हलकंफुलकं असू द्या." मी हो म्हणाले आणि तीन आठवडे एक ओळ लिहू शकले नाही. मला मिळालेलं उत्तर हलकं नाही. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना विचारून लिहिते आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

सोलापुरातल्या एका जुन्या एकपडदा थिएटरात मी अकरा वर्षं काम करते. चार वर्षं तिकीटखिडकीवर होते, नंतर ऑपरेटर झाले. आता रिळं नाहीत. हार्ड डिस्क येते, तिच्यातून सिनेमा मशीनमध्ये उतरवून घ्यायचा. तो कुलूपबंद असतो. त्याची किल्ली ई-मेलने येते आणि किल्लीला मुदत असते. गुरुवारचे खेळ संपले की किल्ली संपते, शुक्रवारी नवा सिनेमा. मध्यंतर कुठे घ्यायचं तेही सिनेमावालेच ठरवून पाठवतात, तरी शेवटी बटण आमच्या बोटाखाली असतं. बटणं दोन आहेत, ती नीट लक्षात ठेवा. एक मध्यंतराचं. ते दाबलं की पडदा सावकाश काळा होतो, मग दिवे येतात, मग जाहिराती. दुसरं नुसतं थांबवायचं. आवाज फाटला, कुणाला चक्कर आली, तर ते. ते दाबलं की चित्र जिथे असेल तिथे गोठतं आणि गोठलेलंच राहतं.

मालकांना सगळे अप्पा म्हणतात. अक्कलकोटकडचे. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी. मध्यंतराबद्दल त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. "यव्वा," ते मला लेकीला हाक मारावी तसं म्हणतात, "इंटरव्हल हसण्यावर टाकू नये, भीतीवर टाकावा. हसलेला माणूस खुर्चीत पसरतो. घाबरलेल्याला बाहेर येऊन काहीतरी चावावं लागतंय." आमच्या कँटीनचा वडा या शास्त्रावर चालतो.

दारावर बशीरचाचा. चाळीस वर्षं टॉर्च धरून त्यांचा उजवा खांदा खाली आला आहे. मी ऑपरेटर झाले त्या दिवशी त्यांनी मला एकच धडा दिला. "हसनेवालोंकू नक्को देख बेटी. वो सब एकसरीके. जो नै हसता उसकू देख. दंगा उधरसेच होता."

आता माझ्याबद्दल थोडं. आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. आबा, माझे वडील, गिरणीत सुताला खळ लावायच्या सायझिंग खात्यात होते आणि गिरणी बंद पडल्यावरही युनियनमध्ये राहिले. ओटा रिकामा झाला की त्यावर पत्रकं यायची. आई घड्या घालायची, मी गठ्ठे बांधायचे. "कामगार बंधूंनो आणि भगिनींनो" हे मला "कमळ" आणि "बदक" यांच्या आधी वाचता यायला लागलं. पुढे पत्रकं मीच लिहू लागले. अजून लिहिते. थिएटरात नोकरी धरली तेव्हा आबा म्हणाले, "लोकांना अंधारात बसवायचं काम." मी म्हणाले, "पगाराचं काम."

तर असा मनुष्यप्राणी, म्हणजे मी, आणि आमच्याकडे आलेला तो सिनेमा. गोष्ट अशी, की एका मंगल कार्यालयाचा मॅनेजर मुहूर्ताच्या तासभर आधी जिन्यावरून पडून मरतो. लग्न मोडू नये म्हणून तिथले दोन आचारी मढं लपवायला निघतात. आधी भाताच्या पातेल्यात, मग फुलांच्या गाडीत, आणि शेवटी त्याला गॉगल लावून, मफलर गुंडाळून मोटारसायकलवर मधे बसवतात. एक पुढे, एक मागे, मधे मेलेला. स्पीडब्रेकर येतो, गाडी उडते आणि मढ्याचा हात वर जातो. चौकातला हवालदार उलट सलाम ठोकतो.

या ठिकाणी आमचं थिएटर फुटायचं. शिट्ट्या, खुर्च्यांवर थापा. साध्या वेशातले एक हवालदार दोनदा आले आणि दोन्ही वेळा सगळ्यांत जोरात तेच हसले. एक आजोबा नातवंडांना घेऊन आले आणि कवळी पडली म्हणून मध्यंतरात बशीरचाचांना टॉर्च घेऊन खुर्चीखाली जावं लागलं.

मला मात्र पहिल्याच खेळाला हसता आलं नाही.

सात महिन्यांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेल विणायच्या एका शेडमध्ये, श्रीनिवास नावाचा कामगार पत्र्यावर चढला होता. गळती बंद करायला. ते त्याचं काम नव्हतं, तो मागावर होता. सिमेंटचा पत्रा फुटला, तो खाली आला. निदान शेडमधले लोक आपसात असं बोलत होते. कागदावर मात्र श्रीनिवास स्वतःच्या मोटारसायकलवरून घरी जाताना फाट्याजवळच्या वळणावर पडला आणि मेला. शेडच्या कुणी काही पाहिलं नव्हतं. मी पत्रक लिहिलं. मथळा होता, "श्रीनिवास रस्त्यावर मेला नाही." आत लिहिलं होतं, "मृतदेह शेडमधून हलवण्यात आला." कुणी हलवला, कसा, ते मला माहीत नव्हतं. एमआयडीसीच्या तोंडाशी उभं राहून आम्ही ते वाटलं. सायकलवरून, गाडीवरून येणारे हात पुढे करत होते, कागद घेत होते, घडी करून खिशात घालत होते. एकानेही तोंड उघडलं नाही.

श्रीनिवासची बायको पद्माक्का आमच्याच भागात राहते. घरी तेलुगू, बाहेर मराठी, मांडीवर सूप आणि सुपात विड्यांची पानं. तिने कामगार कचेरीत अर्ज केला होता, की माझा नवरा कामावर मेला हे लिहून द्या. मुलगा शाळेत विचारतो, बाबा दारू पिऊन पडले होते का, कारण गल्लीतली पोरं तसं म्हणतात. साक्षीदाराशिवाय तीन तारखा गेल्या होत्या. चौथी शेवटची होती. साक्षीदार नसेल तर प्रकरण बंद.

ही तारीख शुक्रवारी होती, आणि आदल्याच दिवशी, गुरुवारी, आमच्या सिनेमाचा दुसरा आठवडा संपत होता.

सिनेमा लागला त्याच दिवशी मी अप्पांकडे गेले होते. म्हणाले, "हा सिनेमा काढा. माणसाच्या मरणावर हसणं मला पडद्यावर लावायचं नाही."

अप्पांनी चष्मा काढला. "यव्वा, मेलेला कुठं रडतोय? आणि लोक मढ्याला हसत नाहीत. त्या दोघा आचाऱ्यांना हसतात. काय धांदल, काय घाम! आपल्यावर वेळ आली तर आपण पण तसाच गाढवपणा करू, म्हणून हसतात."

"गुन्हा आहे तो."

"हौदु. गुन्हा आहे. पण घाबरून केलेला आहे. घाबरलेल्या माणसाला सोलापुरात कोण ओळखत नाही?"

मला हे पटलं नाही. घाबरणाऱ्यांचा मला राग यायचा. पत्रकात घाबरणाऱ्यांना जागा नसते. तिथे लढणारे असतात आणि गद्दार असतात. मी खोलीत जाऊन एक कागद लिहिला, "हसण्यापूर्वी विचार करा", आणि कर्मचाऱ्यांच्या फलकावर टाचला. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, "विचार केला. तरी हसू आलं."

पहिल्या आठवड्याच्या गुरुवारी बशीरचाचा वर आले, धापा टाकत. "बेटी, एक आदमी है. साइडकी कुर्सी, बारावी लाइन. छे बार आया. एक बारबी नै हसा."

मी भोकातून पाहिलं. तिशी-पस्तिशीचा, निळा शर्ट. आजूबाजूचे खांदे हलत होते आणि त्याचे नव्हते. स्पीडब्रेकरचा प्रसंग आला तेव्हा तो पुढे झुकला, इतका की कपाळ पुढच्या खुर्चीला लागेल. हात वर गेला, हॉल फुटला, आणि तो उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेडच्या दुसऱ्या पाळीचे लोक दुपारी बाराच्या खेळाला येतात तसा हाही यायचा आणि अर्धा सिनेमा टाकून कामावर जायचा.

माझ्या डोक्याने लगेच पत्रक लिहायला घेतलं. हा शेडमालकाचा माणूस असणार. कोण काय बोलतंय ते ऐकायला पाठवलेला. मी खाली जाऊन त्याला जिन्याजवळ गाठलं.

"रोज येता. एवढी काय मजा येते?"

तो दचकला. "मजा?" म्हणाला. "न्हाय वो ताई." आणि चप्पल फरफटत गेला. मला त्या "न्हाय"मध्ये खोटेपणा दिसला. दिसणारच होता, मी तो शोधायलाच गेले होते.

मग आला रविवार, तीनचा खेळ. रविवारी विडीच्या बायका गटाने येतात. मी सिनेमा सुरू केला, दिवे घालवले, भोकाला डोळा लावला आणि सातव्या ओळीत पद्माक्का दिसली. गल्लीतल्या चौघींनी तिला मधे बसवून आणलं होतं. बदल म्हणून. त्यांना बिचाऱ्यांना सिनेमा काय आहे हे ठाऊक नव्हतं, पोस्टरवर मंगल कार्यालय होतं.

त्या प्रसंगाला अजून पन्नास मिनिटं होती. ती पन्नास मिनिटं मी कशी काढली ते लिहिता येत नाही. खाली जाऊन तिला बाहेर काढावं का? काय सांगून? या सिनेमात तुझ्या नवऱ्यासारखं मढं आहे, असं? खोली मला सोडता येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर धीर होत नव्हता. पातेल्याचा प्रसंग झाला. फुलांची गाडी झाली. बारावी ओळ पाहिली. निळा शर्टही आला होता, शेडला सुट्टी असणार. शेवटी ठरवलं, मोटारसायकल सुरू व्हायच्या आत मध्यंतर करायचं, ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी. त्या वेळात खाली पळायचं आणि तिला घेऊन चहाला जायचं.

आचाऱ्यांनी मढ्याला गॉगल लावला. मी बोट ठेवलं. ठेवलं आणि थांबले. घाबरून बायकांकडे पाहत राहिले, त्यात काही क्षण गेले. गाडी निघाली, स्पीडब्रेकरवर उडाली. मी दचकून बटण दाबलं, दुसऱ्या हाताने दिव्यांचं बटण.

चुकीचं बटण होतं.

पडदा काळा झाला नाही. दिवे लखकन लागले आणि पडद्यावर, तीस फूट रुंद, एक पुढे, एक मागे, मधे मेलेला, आणि हात वर उचललेला. गोठलेला. आवाज बंद. हसायला हललेले खांदे तिथेच थांबले. मग कुणीतरी ओरडलं, "ए ऑपरेटर, झोपला का?" दुसरा म्हणाला, "मढ्याला तरी खाली बसवा की!" शिट्ट्या सुरू झाल्या. ऑपरेटर झाल्यापासून सात वर्षांत मी असं केलं नव्हतं. आणि त्या क्षणी परत बटण दाबायचं इतकं साधं काम माझ्या हाताला सुचेना.

उजेडात मी दोन माणसं पाहिली. बाराव्या ओळीत निळा शर्ट उभा राहिला होता. दोन्ही हात असे पुढे, जणू कुणाला तरी मागून धरलं आहे. आणि सातव्या ओळीतली पद्माक्का मागे वळून त्याच्याकडे पाहत होती. मग तिने पडद्याकडे पाहिलं. मग परत त्याच्याकडे.

तो पळाला. पण बाहेरच्या दाराने नाही, माझ्या जिन्याने. दार बडवायला लागला. "बंद करा त्ये! ताई, बंद करा!"

मी दार उघडलं, मग भानावर येऊन सिनेमा पुढे सोडला. खाली आरोळी उठली, हात खाली आला, हवालदाराने सलाम ठोकला, हॉल फुटला. तो मशीनच्या मागे उकिडवा बसला होता, कानांवर हात ठेवून. त्याचं नाव दत्ता. नातेपुत्याकडचा. घरची माणसं तिकडे, हा इकडे शेडमध्ये.

मशीनच्या घरघरीत त्याने जे सांगितलं ते मी खोलीत पडलेल्या एका पोस्टरच्या पाठीवर उतरवलं. पत्रा फुटला तेव्हा तो खाली होता. मालकाने फोनवर सांगितलं, शेडमध्ये काही झालेलं नाही. सुपरवायझरने श्रीनिवासचीच मोटारसायकल काढली. "म्हनला, तू मागं बस, धर त्याला. मी बसलो. ताई, मला काय सुचलंच न्हाय. नोकरी, घर, काय काय डोक्यात. समद्यांनी सांगितलं, गेलाय त्यो. मी बी बघितलं की, गेलाच हुता. श्वास न्हवता." तो थांबला. "फाट्याच्या अलीकडं स्पीडब्रेकर हाय. गाडी उडली. आन् त्याचा हात हालला."

मी लिहायची थांबले.

"वर आला. असा. सुपरवायझर म्हनला, गाडीच्या धक्क्यानं. मी म्हनलं, व्हय, धक्क्यानं. मग वळनावर त्याला ठिवला. मालकाच्या गाडीतनं परत आलो. सांजच्याला मीच गेलो अक्काच्या घरी सांगायला, की रस्त्यात पडला म्हनून."

"आणि हा सिनेमा?"

"गावातला एकजन म्हनला, लई हसाया येतंय, मढं गाडीवर बसिवलंय. मी आलो. बघितलं, तर हितं बी हात हालतोय. मेलेल्याचा. मग वाटलं, हालत असंल. धक्क्यानं हालतच असंल मेलेल्याचा हात. परत परत बघितलं. पर ताई, हितला मेलेला तर जिता नटच हाय की." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी शिकलेल्या हाय. हालतो का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. आजही नाही. खाली लोक हसत होते.

मी म्हणाले, "हे शुक्रवारी कचेरीत सांगा."

"माझं नाव नगा घालू. पाया पडतो. त्यो जिता असंल तर मी कोन झालो?"

मी शब्द दिला. त्याने पोस्टरवर सही केली नाही. खेळ सुटायच्या आत तो गेला.

घरी येऊन मी शब्द मोडायला बसले. अर्ध्या तासात मजकूर तयार झाला. नाव, गाव, पाळी, सगळं घातलं. सात महिन्यांत हाती आलेली पहिली खरी गोष्ट होती ती, आणि मी लहानपणापासून हेच शिकले होते की खरी गोष्ट खिशात ठेवायची नसते. आबांनी कागद वाचला. दोनदा वाचला.

"त्याला विचारलंस?"

"तो नाही म्हणाला."

"मग फाड."

"आबा, शुक्रवारी प्रकरण बंद होईल."

"होईल. फाड. उद्या हे वाटलंस तर त्या शेडमधला एक माणूस तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. आणि तोही कचेरीत येऊन म्हणेल, मी असं बोललोच नाही." त्यांनी चष्मा पुसला. "मी एकदा केलंय तसं. नाव छापलं होतं एकाचं. गिरणी सोडून गेला तो."

हे त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. मी कागद फाडला, पण शांत वाटलं नाही. पोस्टर मात्र पिशवीत ठेवलं.

सोमवारी दुपारी पद्माक्का तिकीटखिडकीपाशी आली. मला खाली बोलावलं.

"काल दिवे तू लावलेस?"

"माझ्या हातून चुकलं, अक्का. तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"मी हसत होते," ती म्हणाली. "त्या पातेल्याला हसले, फुलांच्या गाडीला हसले. सात महिन्यांनी. बायकांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, हसू दे. गाडीवर बसवलं त्यालाही मी हसणारच होते. मला काय माहीत होतं, यांना कसं नेलं? हलवलं, एवढंच तू लिहिलं होतंस. मला तो सिनेमाच वाटत होता. तू दिवे लावलेस आणि त्याचे ते पुढे धरलेले हात दिसले, म्हणून कळलं."

मी जिला वाचवायला निघाले होते, तिला मीच उजेडात धरून दाखवलं होतं.

"तो वर आला होता ना? काय म्हणाला?"

"सांगू शकत नाही. शब्द दिलाय."

तिने खिडकीची जाळी धरली. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि द्यायलाच हव्यात. "नको सांगू," ती म्हणाली. "त्यालाच येऊ दे. सांग त्याला, शुक्रवारी अकरा वाजता मी कचेरीच्या पायरीवर असेन."

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी नाही. बारावी ओळ, साइडची खुर्ची, रिकामी. मला खात्री वाटायला लागली की तो गावाला पळाला, किंवा त्याहून वाईट काही. बशीरचाचांना मी तासातासाला विचारत होते. शेवटी ते म्हणाले, "बेटी, मैं टॉर्च हूं, ज्योतिषी नै."

गुरुवारी शेवटच्या दिवसाच्या बाराच्या खेळाला निळा शर्ट आला. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि पाठ केल्यासारखा निरोप सांगितला. शुक्रवार, अकरा, पायरी. "नाव कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्याबद्दलचा कागद मी फाडला. यायचं की नाही ते तुमच्यावर." तो तसाच आत जाऊन बसला. त्या दिवशी स्पीडब्रेकरच्या प्रसंगाला त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. मान वळवून तो शेजाऱ्यांकडे पाहत होता. हसणाऱ्यांकडे, एकेकाकडे, सावकाश.

रात्री किल्ली संपली. मी सिनेमा मशीनमधून पुसून टाकला.

मला सिनेमाचा हा प्रकार अजूनही पूर्ण आवडत नाही, हे सांगते. अशा सिनेमांत मेलेल्याला कुणी विचारत नाही, त्याची बायको बहुधा पडद्यावर येतच नाही, आणि ते मला टोचत राहतं. पण लोक का येतात, ते आता मला वरच्या भोकातून थोडं दिसतं. आमच्या हॉलमध्ये बसलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी मालकाच्या, साहेबाच्या, भावकीच्या सांगण्यावरून काहीतरी उचलून दुसरीकडे ठेवलेलं असतं. मढं नसेल, एखादी फाईल असेल, एखादी साक्ष असेल. ते घरी बोलता येत नाही. इथे दोन आचारी त्यांच्या वतीने घाम गाळतात, आणि चारशे माणसं एकदम हसतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं, म्हणजे मी एकटाच नाही. दत्ता नऊ-दहा वेळा त्या गर्दीत येऊन बसला आणि तरी एकटाच राहिला. हे माझ्या एकाही पत्रकाच्या लक्षात आलं नव्हतं.

शुक्रवारी पावणेअकराला मी आणि पद्माक्का कचेरीच्या पायरीवर होतो. पिशवीत पोस्टर होतं, बिनसहीचं, म्हणजे कचेरीच्या दृष्टीने रद्दी. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. आतला शिपाई दोनदा बाहेर येऊन नाव पुकारून गेला. पद्माक्का विड्या वळताना बसते तशी ताठ बसली होती. मी फाटकाकडे पाहत होते आणि प्रत्येक मोटारसायकलला उठत होते.

साडेअकराला तो चालत आला. मोटारसायकल नाही, सायकल नाही. एमआयडीसीपासून चालत आल्यासारखी धूळ पायांवर होती. तो पायरीच्या खालीच थांबला. वर यायचं त्याला धाडस होईना, आणि मला मधे बोलायचं धाडस होईना.

"अक्का," तो म्हणाला.

पद्माक्काने विचारलं, "काही बोलले का ते?"

"न्हाय." मग त्याने मान वर केली. "हात हालला हुता, अक्का. स्पीडब्रेकरवर. धक्क्यानं, का कशानं, मला ठावं न्हाय."

मी डोळे मिटले. हे एक वाक्य तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून मी पाच दिवस तोंड बंद ठेवलं होतं.

"कुठला हात?"

"उजवा."

"मग? तू काय केलंस?"

"धरला," दत्ता म्हणाला. "वळन येईस्तवर धरून ठिवला. सोडला न्हाय."

पद्माक्का उठली. पदर सारखा केला. आतून शिपायाने तिसऱ्यांदा नाव पुकारलं.

"मग चल आत," ती त्याला म्हणाली. "हेच सांग."